वाढवा म्हणजे बंद

राजनंदिनीचा फोन सकाळी पाचला यायचा. वारंगा फाट्यावर त्या वेळी नांदेडकडून आलेले ट्रक चहाला थांबायला लागतात, त्यामुळे मी तसाही उठलेला असे. माझं पंक्चरचं दुकान रस्त्याला लागून आहे आणि मागच्या खोलीत मी एकटा राहतो. बायको नर्मदा जाऊन सात वर्षं झाली. मुलगा विश्वंभर हिंगोलीला कचेरीत आहे. तो म्हणतो, बाबा, आता पुरे झालं, इकडे या. मी एकदा गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर घर आहे. खाली गाड्या जाताना दिसतात, पण त्यातली एकही आपल्यासाठी थांबत नाही. आठ दिवसांनी परत आलो.

राजनंदिनी विश्वंभरची मुलगी. ती विमान चालवायला शिकत होती. इथून एक रात्र आणि अर्धा दिवस लागेल इतक्या दूरच्या गावी तिची शाळा होती. शिष्यवृत्तीवर निवड झाली होती म्हणून जाता आलं. विमान म्हणजे फोटोत असतं तसलं मोठं नाही. पुढे दोन माणसं, मागे दोन, आणि नाकावर एक पंखा. तिनं मला फोटो पाठवला तेव्हा मी पहिल्यांदा चाकं बघितली. आमच्याकडे टेम्पोला असतात त्याहून लहान होती.

विमान सुरू करण्याआधी, उडण्याआधी आणि उतरण्याआधी काय काय बघायचं याची यादी असते. एकानं ओळ वाचायची, दुसऱ्यानं त्या त्या ठिकाणी हात नेऊन उत्तर द्यायचं. ही यादी इतकी पाठ व्हावी लागते की झोपेतून उठवलं तरी हात बरोबर जागी गेला पाहिजे. राजीनं आधी वडिलांना वाचायला सांगितलं होतं. विश्वंभर भराभर वाचायचा आणि मध्येच घड्याळ बघायचा. मग दिवाळीत ती आली तेव्हा तिनं सगळी यादी मराठी अक्षरात दोन कागदांवर लिहिली आणि मला दिली.

"आबा, तुमी वाचा. तुमी बराबर वाचता."

बराबर म्हणजे हळू. मला अक्षर आलं ते छप्पन्नाव्या वर्षी. राजीची आई शिवकन्या नर्स आहे. तिची बदली लांब झाली तेव्हा राजी चार वर्षं आमच्याकडे फाट्यावर होती आणि ती पहिलीला बसली तेव्हा तिच्या शेजारी मीही बसलो. अजून जोडाक्षर आलं की मला थांबावं लागतं. 'मिक्श्चर' या शब्दाला तर मी पहिल्या दिवशी तीनदा धडकलो. तोवर ती तिकडे थांबून राही. तिला शिकवणाऱ्या शीतल मॅडम म्हणत, ही मुलगी घाई करते, विचारायच्या आधी उत्तर देते. माझ्याकडे घाई करायची सोयच नव्हती.

उतरतानाच्या भागात खालून दुसरी ओळ होती, 'थ्रॉटल – बंद'. थ्रॉटल म्हणजे एक दट्ट्या. आत ढकलला की इंजिनाचा जोर वाढतो, बाहेर ओढला की कमी होतो. चाकं जमिनीला लागायच्या थोडं आधी तो पूर्ण ओढून घ्यायचा, म्हणजे विमान आपल्या वजनानं खाली बसतं.

मी वाचलं, "थ्रॉटल वाढवा."

"आबा, बंद लिवलंय."

"लिवलं असंल. बंद म्हणू न्हाई."

"काहून?"

"तू वर असती. वरच्या माणसाला बंद कसं म्हणावं? दुकान वाढवतेत, दिवा वाढवतेत. वाढवा म्हणजे बंदच की. एवढं बी ठाऊक न्हाई व्हय तुला?"

ती हसली. "ठाऊक हाय. बरं, थ्रॉटल वाढवलं."

तेव्हापासून आमचं तेच ठरून गेलं.

'बंद' हा शब्द मी दुकानात कधी काढत नाही. त्याला कारण आहे. कुरुंद्याचा सुदाम म्हणून एक ड्रायव्हर हळदीचा ट्रक घेऊन माझ्याकडे थांबायचा. मोठा बोलका माणूस. एकदा त्याचं मागचं चाक बसवता बसवता मी गमतीनं म्हणालो, "टायर नवे घातले, पण ब्रेक बंद पडले तर काय करशील?" तो म्हणाला, "उकंडराव, उडी मारीन अन् तुमच्याकडं येईन." दुसऱ्या दिवशी त्याच्याच क्लीनरनं येऊन सांगितलं. घाटात ब्रेक जाऊन गाडी दरीत गेली होती. क्लीनर तेवढा वाचला. माझ्या बोलण्यानं ब्रेक गेले नाहीत हे मला कळतं. त्या गाडीत माल जास्त होता. पण या गोष्टीला बावीस वर्षं झाली तरी जायला निघालेल्या माणसासमोर माझ्या तोंडाला तो शब्द येत नाही.

राजीला हे मी सांगितलं नव्हतं.

यादी झाली की ती दोन-चार गोष्टी सांगायची. आज वारा आडवा होता. आज मॅडमनी वर गेल्यावर इंजिनाचा जोर काढून घेतला आणि विचारलं, आता कुठल्या शेतात उतरशील? हिनं भुईमुगाचं शेत दाखवलं. मॅडम म्हणाल्या, भुईमूग आहे हे तुला दोन हजार फुटांवरून कसं कळलं? मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

"आता सोलो बाकी हाय," ती एकदा म्हणाली. सोलो म्हणजे शिकवणाऱ्यानं उतरून जायचं आणि शिकणाऱ्यानं एकट्यानं उडायचं, एक चक्कर मारायची आणि एकट्यानं उतरायचं.

शेजारी चहाचं हॉटेल चालवणाऱ्या पारुबाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "सोलो? काय सोलायचंय पोरीला?"

"एकटीनं उडायचंय."

"मंग तसं म्हणा ना. मला वाटलं कांदे. माझ्याकडं दोन पोती पडलेत."

डिसेंबर संपत आला तरी सोलो झालं नाही. राजीचं बोलणं कमी होत गेलं. यादी संपली की "ठेवते आबा" म्हणायची आणि ठेवायची. मी विचारलं तर म्हणे, ढग होते, विमान दुरुस्तीला होतं. मग एका दुपारी विश्वंभरचा फोन आला.

"बाबा, राजी येऊन राहिली. चार-पाच दिवस सुटी दिली म्हणती. मला काही सांगत न्हाई. तुमच्याकडंच उतरते म्हणाली."

"मंग उतरू दे."

"तिला इचारा जरा. मी इचारलं की रडती."

ती सकाळी बसमधून उतरली. पाठीवर बॅग, डोळे सुजलेले. पारुबाईनं चहा दिला, तो तिनं गार होऊ दिला. पिठलं-भाकरी केली, ती अर्धी खाल्ली. मग स्वतःच बोलली.

"आबा, दोन चेक नापास झाले."

सोलोला सोडण्याआधी शाळेतले मोठे कॅप्टन शेजारी बसून बघतात, त्याला चेक म्हणतात. तिनं सगळं सांगितलं. शाळेचा नियम होता की उडण्याच्या तीस तासांच्या आत सोलो झालं पाहिजे. तिचे सत्तावीस झाले होते. पुढचा चेक सोमवारी. तो झाला तर लगेच त्याच सकाळी एकटीनं सोडणार. नाही झाला तर शिष्यवृत्तीची जागा निवड यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

"मंग तू काय करशील?"

"पप्पाच्या कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकीन."

"चुकतं काय नेमकं?"

"उतरताना हात चुकतो."

"कसा चुकतो?"

"चुकतो, आबा. तुमी जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी कागद घेतले. ती जागीच होती, पण नको म्हणाली. मी म्हटलं, एवढे दिवस फोनवर केलं, आता समोर बसली आहेस तर एकदा कर. मला बघू तरी दे. मी स्टुलावर सायकलचा जुना पंप आडवा बांधला. त्याचा दांडा आत-बाहेर होतो, दट्ट्यासारखाच. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, डावा हात गुडघ्यावर मूठ करून, उजवा पंपाच्या मुठीवर. मी वाचायला लागलो. तिचे हात हवेत जिथे जिथे जात होते तिथे जणू खरोखर काही होतं. मी दोन महिने नुसता आवाज ऐकला होता. हात पहिल्यांदा बघत होतो.

"थ्रॉटल वाढवा," मी म्हणालो.

तिचा हात पुढे गेला. पंपातून फुस्स आवाज आला. लगेच तिनं दांडा मागे खेचला आणि म्हणाली, "वाढवलं." फोनवर मला एवढंच ऐकू यायचं.

मी कागद खाली ठेवला.

"हात पुढं गेला."

"चुकून गेला."

"राजे, पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा पुढे गेला, या वेळी बोटभर, आणि मागे आला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"विमानात बी असंच व्हतं?"

रस्त्यावर एक ट्रक वळून थांबला, त्याचा उजेड आमच्यावरून गेला. मग ती म्हणाली, "जमीन जवळ आली की डोक्यात यादी चालू व्हती. थ्रॉटल वाढवा असं ऐकू येतं. अन् हात वाढवतो. तिकडं सगळे दिवसभर हिंदीत बोलतेत. तिकडं बढाओ म्हणजे वाढवच. विमान बसता बसता पुन्हा उचललं जातं, वाकडं व्हतं. कॅप्टन हातातून घेतेत."

"अन् हे तू मला सांगितलं न्हाई."

"काय सांगू? तुमच्यामुळं नापास झाले म्हणू?"

मी उठून बाहेर आलो. ट्रकवाला हवा बघायला सांगत होता. सगळ्या चाकांची हवा बघितली, पण किती होती ते लक्षात राहिलं नाही, दुसऱ्यांदा बघावी लागली. तो म्हणाला, "काका, तब्येत बराबर हाय ना?"

परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती. मी कागद घेतला.

"थ्रॉटल," मी म्हणालो, आणि पुढे जीभ टाळूला लागून राहिली. ती वाट बघत होती. मला तिचं तोंड दिसत होतं आणि सुदामचंही दिसत होतं, उडी मारीन म्हणताना हसलेलं.

"राहू द्या, आबा."

"थ्रॉटल बंद," मी म्हणालो.

तिनं दांडा मागे ओढला.

मग मी तिला सुदामचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "थ्रॉटल बंद केलं तरी इंजिन बंद पडत न्हाई, आबा. हळूहळू घुमत राहतं. पंखा फिरतच असतो." हे तिनं आधी सांगितलं असतं तरी मी 'वाढवा'च म्हणालो असतो. पण ऐकून बरं वाटलं.

त्या दिवसापासून आम्ही सकाळ-संध्याकाळ नुसती ती एक ओळ करत होतो. गिऱ्हाईक नसलं की मी म्हणे "थ्रॉटल बंद" आणि ती ओढे. पन्नास वेळा, साठ वेळा. पारुबाई कढई घासता घासता ओरडली, "ओ उकंडराव! सकाळपासून बंद बंद लावलंय. माझं हॉटेल बंद पाडता का काय?"

"तुमचं न्हाई, पारुबाई. विमानाचं चाललंय."

"मंग विमानाकडं तोंड करून म्हणा. माझं गिऱ्हाईक उठून चाललं."

राजी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, जमलं.

पण जमलं नव्हतं. मी नीट बघत होतो. टायरमध्ये खिळा कुठे आहे ते हात फिरवून कळतं, तसा मी तिच्या हातावर डोळा ठेवून होतो. 'बंद' म्हटलं की दांडा मागे यायचा, पण त्याआधी तिचं मनगट जरासं अडायचं. डोळ्याची पापणी लवावी तेवढंच. शुक्रवारी मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "दोन्ही येतात, आबा. आधी वाढवा येतं, मंग बंद येतं, मंग हात जातो. खुर्चीवर चालतं. तिकडं तेवढ्यात जमीन येती."

"तुझी मॅडम काय म्हणती?"

"ती म्हणती, उतरताना तुला कुणाचा आवाज ऐकू येतो? मी म्हटलं, माझाच."

"अन् येतो कुणाचा?"

ती पंपाचा दांडा गोल गोल फिरवत राहिली.

"तुमचा," ती म्हणाली.

त्या रात्री ती झोपल्यावर मी बराच वेळ याचा विचार केला. मला आधी आनंद झाला, ते खोटं कशाला सांगू? इतक्या वर, जिथे कुणी नाही, तिथे ही पोरगी माझा आवाज बरोबर नेते. फाट्यावर रोज शेकडो गाड्या थांबतात आणि जातात, त्यांतल्या कुणाच्या डोक्यात मी हिंगोलीपर्यंतही राहत नसेन. पण मग हेही कळलं की चूक शब्दाची नव्हती. शब्द आम्ही बदलला होता. ती अजून थांबत होती, कारण तिला थांबायची सवय मी लावली होती. मी जोडाक्षराशी अडखळत असताना ती थांबून राहायची, तशीच ती जमिनीपासून दहा फुटांवरही कुणीतरी ओळ वाचेल म्हणून थांबत होती.

शनिवारी मी तिला बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतून म्हणाली, "सोमवारी पाचला फोन करते. एकदा पूर्ण यादी म्हणू. बंदच म्हणा हं."

"ये," मी म्हणालो. जा म्हणत नाहीत, ये म्हणतात. फोनचं मी काही बोललो नाही.

सोमवारी मी चारलाच उठलो. थंडी होती. अंगावर घोंगडं घेऊन दुकानात बसलो. फोन समोर टायरवर ठेवला होता. पाचला एक मिनिट कमी असताना तो वाजला. त्यावर तिचा फोटो येतो, विमानाच्या दाराशी उभी असतानाचा. मी हात मांडीखाली दाबून धरले. वाजून बंद झाला. मग पुन्हा वाजला. एक ट्रकवाला चहाचा ग्लास घेऊन समोर उभा होता.

"काका, फोन वाजून राहिला."

"वाजू द्या."

"घरचा असंल."

"घरचाच हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो तिकडे पारुबाईच्या बाकड्यावर जाऊन बसला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उठलो, फोन हातात घेतला, आणि पुन्हा टायरवर पालथा ठेवला. चौथ्यांदा वाजला नाही.

त्यानंतरचा वेळ मला कसा सांगावा कळत नाही. सहा वाजले, उजाडलं. सात वाजता ती विमानाभोवती फिरून चाकं, पंखा, तेल बघत असेल. साडेसातला कॅप्टन शेजारी बसत असेल. मी दोन ट्यूब चिकटवल्या, त्यातली एक पाण्यात धरली तर बुडबुडे आले, पुन्हा केली. मनात सारखं येत होतं की मी तिचा एकुलता आधार ऐन वेळी काढून घेतला. ती चिडली असेल. चिडलेल्या माणसाचा हात काय चांगला राहणार? पारुबाई मध्येच येऊन विचित्रच बोलली, "विश्वंभरचा फोन आला होता मला. तुमी बरे हायत का म्हणून इचारत होता."

"काहून?"

"काय ठाऊक. मी म्हटलं, हायत की. टायर घेऊन बसलेत, तोंड एरंडेल पिल्यावानी हाय, पण हायत."

मला तेव्हाही काही उमजलं नाही.

साडेअकराला विश्वंभरचा फोन आला. तो कचेरीत होता, मागे माणसं बोलत होती. त्याचा आवाज फुटत होता.

"बाबा, झालं. एकटी गेली, एकटी उतरली."

मी म्हटलं, "बरं." मग फोन ठेवल्यावर मला आठवलं की मी त्याला काहीच विचारलं नाही. ऊन चांगलं तापलं होतं. मी आत गेलो आणि उगाच चाकं खोलायचे सगळे पाने-टामी पुसून ओळीनं लावले. संध्याकाळपर्यंत मी तीन वेळा फोन चार्जिंगला लावला आणि काढला.

राजीचा फोन दिवस मावळताना आला. मागे पोरींचा गलका होता. पहिल्या सोलोनंतर बादलीनं पाणी ओततात म्हणे, तिला सकाळी चार बादल्या ओतल्या होत्या.

"आबा, सकाळी फोन काहून उचलला न्हाई?"

"चार्जिंग नव्हतं."

"रिंग जात होती."

मी घोंगडं अंगावर ओढून घेतलं.

"मी किती घाबरले होते, तुमाला ठाऊक हाय का? मला वाटलं तुमाला काहीतरी झालं. एकटे राहता. पप्पाला उठवलं, ते बी घाबरले. त्यांनी पारुबाईला फोन केला. तिनं सांगितलं तवा कुठं मी विमानाकडं गेले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढा विचार केला, तिच्या डोक्यातला माझा आवाज कसा काढायचा याचा. पण फोन उचलला नाही तर पोरगी आपल्या काळजीत पडेल, हे काही सुचलं नाही. उलट झालं असतं म्हणजे? त्या काळजीत तिचा हात चुकला असता म्हणजे?

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मी मुद्दाम उचलला न्हाई."

"ते कळलं मला नंतर. तवा लय राग आला होता. यादी मी एकटीनंच म्हटली, मोठ्यानं. कॅप्टन म्हणाले, इतक्या जोरात काहून? चेक झाला अन् ते विमान थांबवून म्हणाले, मी उतरतो, तू एक चक्कर मारून ये. दार लावलं अन् चालायला लागले. मागं वळून बी बघितलं न्हाई."

"मंग?"

"शेजारची सीट रिकामी होती, आबा. तिचा पट्टा नुसता बांधून ठेवलेला. विमान हलकं झालं होतं, पटकन वर गेलं. वर गेल्यावर मी बाजूला बघितलं. कुणीच न्हाई. मला वाटलं होतं रडू येईल. पण तेवढा वेळच नव्हता."

"अन् उतरताना?"

मला हेच विचारायचं होतं, दिवसभर.

"उतरले."

"तसं न्हाई. काय ऐकू आलं?"

मागे कुणीतरी तिला हाक मारली, तिनं 'आले' म्हटलं.

"काहीच न्हाई," ती म्हणाली. "वाढवा न्हाई, बंद न्हाई. कुणी काहीच बोललं न्हाई. हात मागं आला अन् चाकं लागली."

"चांगलं झालं."

"तुमाला वाईट वाटलं का?"

"न्हाई गं. वाईट कशाचं?"

मग तिनं सांगितलं की उद्यापासून तिला पाचलाच मैदानावर जावं लागेल, एकटीनं उडायचे तास आता पूर्ण करायचे आहेत, त्यामुळे सकाळी जमणार नाही. संध्याकाळी करीन, रोज नाही पण करीन. आणि इंग्रजीतली यादी आता पाठ झाली आहे, ते मराठीतले कागद फेकले तरी चालतील. मी म्हटलं, जमेल तसं कर. पोरींनी पुन्हा हाक मारली. ती 'ठेवते आबा' म्हणाली आणि मी ठेवायच्या आत तिकडून ठेवला गेला.

बाहेर एक दहा चाकी गाडी येऊन उभी होती, हॉर्न वाजत होता. मी घोंगडं बाजूला टाकून जॅक घेतला. मागच्या जोडीतलं आतलं चाक पंक्चर होतं. ते काढायचं तर आधी बाहेरचं काढावं लागतं, वेळ लागतो. ड्रायव्हरला म्हटलं, तिकडं जाऊन चहा पिऊन या, मला एकट्याला करायचं आहे.